क्त आणि क्तवतु

उज्जैनच्या एका खासगी शाळेत मी संस्कृत शिकवते. आठवड्याला 18 तास, वर्षाला दहा महिने. मे-जूनमध्ये शाळा बंद, म्हणून पगारही बंद. याची फारशी तक्रार करता येत नाही, कारण आमच्या गावात देवाचाही कारभार हंगामी आहे. आषाढात विष्णू चार महिने झोपतो, त्याचं काम महाकाल बघतो, आणि वैकुंठ चतुर्दशीला मध्यरात्री महाकालाची स्वारी गोपाळ मंदिरात जाऊन चार्ज परत देते. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या त्या मंदिरात बेल-तुळशीच्या माळांची देवाणघेवाण होते, बाहेर फटाके वाजतात. फरक एवढाच, की झोपेच्या चार महिन्यांत विष्णूचा नैवेद्य थांबत नाही.

2023 च्या मार्चमध्ये मध्य प्रदेशात ‘लाडली बहना’चे अर्ज सुरू झाले, तेव्हा मला नवऱ्याचं घर सोडून दीड वर्ष झालं होतं. महिन्याला 1000 रुपये. वय 23 ते 60, बाई विवाहित हवी. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ताही त्यातच धरलेल्या. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. माझं इतकं आत होतं, की त्याला बाहेरचं ऊनही लागलं नसतं.

आता माझा रकाना कोणता? घटस्फोट झालेला नाही. इथलं सरकार विधवेला ‘कल्याणी’ म्हणतं, पण तिकडे नवरा ठणठणीत. राहिली परित्यक्ता. तिथे माझ्यातली मास्तरीण अडली. परित्यक्ता हे क्त-प्रत्ययान्त, कर्मणि. म्हणजे जिला टाकलं ती. इथे तर कर्ता मी होते! दोन बॅगा, शिवणयंत्र आणि आपट्यांचा कोश घेऊन रिक्षात मी बसले होते, आणि तो दारात उभा राहून चहा पीत होता. व्याकरणाने पाहिलं तर मी क्तवतु, म्हणजे परित्यक्तवती.

वॉर्डातल्या शिबिरात मी हे शक्य तितक्या सोप्या हिंदीत मांडलं. कॉम्प्युटरवरच्या मुलाने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, “मॅडम, छोड़ा किसने, इसका कॉलम नहीं है.”

खरी गाठ पुढेच होती. आमच्याकडे प्रत्येक कुटुंबाला आठ अंकी समग्र आयडी असतो आणि प्रत्येक माणसाला नऊ अंकी. माझे नऊ अंक अजून नवऱ्याच्या आठ अंकांत सुखाने नांदत होते. मी बाहेर पडले होते, ते पडले नव्हते. शिवाय बँकेचं खातं एकटीचं हवं, नवऱ्याबरोबरचं जोडखातं चालणार नाही. ही एक अट माझी आई पंधरा वर्षं सांगत होती. शासनाने ती छापून दिली.

“त्यापेक्षा पोटगीचा दावा लाव ना,” शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांच्या मते इंदूरचं कोर्ट काय, हाकेवर. त्याच इंदुरात शाहबानोंना 1979 साली न्यायदंडाधिकाऱ्याने महिना 25 रुपये मंजूर केले होते. हायकोर्टाने त्याचे 179 रुपये 20 पैसे केले, आणि 1985 साली सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवले. त्या 20 पैशांवर मी पुष्कळ विचार केलाय. कशाचे असतील? मिठाचे? काडेपेटीचे? कुणीतरी न्यायमूर्तीच्या आसनावर बसून एका बाईचा महिना इतका बारीक मोजला होता.

“पण सुप्रीम कोर्टाचे जज्ज आपले चंद्रचूडच होते ना?” काकूंनी विचारलं.

“होते. तरी दाव्यापासून निकालापर्यंत सात वर्षं गेली, काकू.”

काकू मटार सोलायला लागल्या.

समग्रमधून वेगळं व्हायला चार खेटे पडले. दुसऱ्या खेपेला बाबूंनी चष्म्यावरून बघत विचारलं, “अकेली का परिवार?” मी हो म्हटलं. चौथ्या खेपेला कागद हातात आला. सदस्यसंख्या 1, मुखिया मी. सासरी एवढी वर्षं काढली, पण भाजी कोणती करायची तेसुद्धा मुखियाला विचारून. त्या रात्री मी मुखियाला न विचारता भरली वांगी केली.

पहिला हप्ता 10 जून 2023 ला आला. शाळा बंद, पाकीट कोरडं, बाहेर माळव्याचा उकाडा. 1000 रुपयांत विजेचं बिल गेलं आणि उरलेल्यात आंबे आले. पुढे त्याचे 1250 झाले, आता 1500. नाशिकची चुलतबहीण 2024 पासून तिथली ‘लाडकी’ आहे. आम्ही फोनवर एकमेकींना हप्ता आला का विचारतो, पूर्वी पाऊस आला का विचारायचो तसं.

त्या जुलैत नववीला क्त आणि क्तवतु शिकवले. स्वाध्यायात त्यज् धातू दिला होता. मुद्दाम नव्हे, पुस्तकात होता. बहुतेक मुलींनी रामाने सीतेला टाकलं, तेच लिहिलं. शेवटच्या बाकावरच्या एकीने लिहिलं होतं, “सा गृह परित्यक्तवती.”

‘गृह’वरचा अनुस्वार राहिला होता. अर्धा गुण कापला.