नवी पट्टी आणि निळा पडदा

संगणकात नवा भाग बसवल्यावर तो वरचेवर बंद पडू लागला, तर संशय आधी त्या नव्या भागाचा घ्यावा, हे कोणाच्याही ध्यानात येण्यासारखे आहे. अपवाद फक्त तो भाग ज्याने स्वहस्ते बसवला त्याचा. असा गृहस्थ विजेच्या दाबाला, माळव्यातल्या उन्हाळ्याला, विंडोजच्या ताज्या अपडेटला आणि घरातल्या मुलांच्या गेम्सना क्रमाने दोषी ठरवतो, परंतु स्वतः पारखून, घासाघीस करून आणलेल्या वस्तूकडे त्याचे बोट वळत नाही. प्रस्तुत लेखक याच वर्गात मोडतो. उज्जैनच्या फ्रीगंजमधील दुरुस्तीवाल्याने पेटीला हातही न लावता ‘भिया, पैले नया वाला निकाल के चलाओ’ असे सुचवले, ते लेखकाला अपमानास्पद वाटले, कारण त्या उपचारात विद्वत्तेला काहीच वाव नव्हता.

येथे नवा भाग म्हणजे रॅमची पट्टी. रॅम ही संगणकाची तात्पुरती स्मृती. तीतला एखादा अंश चुकीचा वाचला गेला, की पुढे घोळ वाढवण्यापेक्षा थांबलेले बरे असे ठरवून विंडोज निळा पडदा दाखवते. असा प्रसंग थोरामोठ्यांवरही आला आहे: एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात, बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना, सहकाऱ्याने स्कॅनर जोडताच भरसभेत तोच पडदा अवतरला. या घटनेचा लेखकाला इतका आधार वाटला, की घरात कोणी विचारलेले नसतानाही तो ती सांगत राहिला.

उज्जैनमध्ये यंत्राचा विषय निघाला, की शिप्रेकाठच्या वेधशाळेकडे वळणे भागच पडते. माळव्याचे सुभेदार असलेल्या सवाई जयसिंहांनी ती अठराव्या शतकात बांधली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तेथील सम्राट यंत्र, म्हणजे बांधीव सूर्यघड्याळ, असे रचले आहे, की त्याच्या जिनेदार भिंतीची कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर, अर्थात येथील अक्षांशाइतकी, सुमारे २३ अंश तिरपी राहते आणि तिची सावली दोन्ही बाजूंच्या कमानदार पट्ट्यांवर पडून स्थानिक वेळ दाखवते. प्रमाणवेळ मात्र ८२.५ अंश पूर्व रेखांशाची असल्याने ही सावली मनगटी घड्याळाच्या सरासरी २७ मिनिटे मागे चालते. फेब्रुवारीत हा फरक चाळिशीपर्यंत जातो, तर नोव्हेंबरात दहा-अकरा मिनिटांवर येतो. किती मिनिटे मिळवायची याचे कोष्टक तेथेच लावलेले आहे. आपल्यातला फरक असा चारचौघांत मांडून उभे राहायला एक निराळाच भारदस्तपणा लागतो. (पावसाळ्यात हे यंत्रही बंद पडते, पण त्याचे कारण मान वर केली की दिसते.)

निळा पडदा मात्र ‘मेमरी मॅनेजमेंट’ एवढे सांगून मोकळा होतो. रविवारी पुण्याच्या नातीशी बोलताना तो मध्येच आला, तेव्हा लेखकाच्या मातोश्रींनी माउसवरचा हात झटकन मागे घेतला आणि ‘माझ्याकडून काही भलतं दाबलं गेलं का रे?’ असे विचारले. पुढच्या रविवारी त्या खुर्ची मागे सरकवून, दोन्ही हात पदराखाली घेऊन बसल्या. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला यंत्र आपल्यामुळे बिघडले असे वाटू द्यायचे आणि खऱ्या कारणाविषयी चकार शब्द काढायचा नाही, अशी रचना करणाऱ्यांचा राग यावा तितका थोडाच. आणि शेजारी उभा राहून, कारण ओळखूनही, ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल’ म्हणणाऱ्या मुलाचाही.

त्या रात्री नवी पट्टी निघाली आणि पडदा येणे थांबले. त्यानंतर संपर्कबिंदू खोडरबराने पुसून एकेक पट्टी स्वतंत्रपणे बसवण्यात आली आणि मेमटेस्ट८६, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच स्मृतीच्या कप्प्याकप्प्यात माहिती लिहून ती परत वाचून पाहणारा प्रोग्राम, रात्रभर चालवला गेला. या परीक्षेत एकही चूक क्षम्य नसते. दोन्ही पट्ट्या एकेकट्या उत्तीर्ण झाल्या, एकत्र नापास. एक्सएमपी, म्हणजे पट्टीवर कारखान्यातच नोंदवलेला वाढीव वेग, लेखकाने हौसेने चालू केला होता, आणि नवीचा ३२०० चा वेग २६६६ च्या जुनीला झेपत नव्हता. बायोसमध्ये ती सोय बंद करताच दोघी २६६६ वर सुखाने नांदू लागल्या. मातोश्री आता खुर्ची पुढे ओढून बसतात. पाहुण्यांना मात्र वेष्टनावरचा ३२०० हाच आकडा सांगितला जातो.