ब्रूनोचे बाबा

सोसायटीच्या दप्तरात त्यांचं नाव-आडनाव आहे. मेंटेनन्सच्या पावतीवर तर वडिलांच्या नावासकट आहे. पण ते वाचायचे कष्ट कुणी घेतलेले नाहीत. दूधवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांच्या लेखी ते 'ब्रूनोचे बाबा'. त्यांनाही त्यात काही गैर वाटत नाही. एकदा इस्त्रीवाल्यानं त्यांना आडनावानं हाक मारली, तर कोणाला बोलावतोय म्हणून तेच इकडे तिकडे बघायला लागले.

असे बाबा हल्ली गावोगाव झालेत. डोंबिवलीत सिम्बाचे बाबा असतात, विरारला कोकोचे, आणि हिंजवडीहून तासभर क्लच दाबत चिंचवडला पोचणारे ऑस्करचे. मी सांगतोय ते बदलापूरचे. एक तर ते माझ्या समोरच्या दारात राहतात, आणि दुसरं म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर ६८ किलोमीटर आहे. हा माणूस घडायला अंतर लागतं. ऑफिसातून पाच मिनिटांत चालत घरी येणाऱ्यालाही त्याचं कुत्रं बघून शेपूट हलवतंच, पण त्याचं त्याला काही विशेष वाटत नाही.

सकाळी घराबाहेर पडल्यापासून रात्री परत येईपर्यंत बाबा म्हणजे निव्वळ एक खांदा. गाडीत त्यावर कुणाचं तरी डोकं असतं, ऑफिसात त्यावरून साहेब पलीकडच्या माणसाशी बोलतो. ऑफिस भायखळ्याला, पण संध्याकाळी ते आधी उलटे व्हीटीला जातात, कारण बसायला मिळालं तर तिथेच. मिळते ती बहुधा चौथी सीट. ज्यानं लोकलनं प्रवास केलाय त्याला चौथी सीट काय ते सांगायला नको, आणि ज्यानं केला नाही त्याला सांगून पटायचं नाही. तिघांच्या बाकड्यावर चौथ्याला देहाचा जेवढा भाग टेकवता येतो, तेवढीच ती असते. ठाण्याला कुणीतरी वयस्कर समोर येऊन उभं राहतं आणि बाबा उठतात. पुढचा प्रवास एका हातानं कडी धरून, दुसऱ्या हातानं पोटाशी बॅग धरून. चेहरा मात्र प्रसन्न.

या प्रसन्नपणाचं गाडीतल्या ग्रुपला कोडं पडायचं. मग बाबांनी हाचिकोची गोष्ट सांगितली. मग परत सांगितली. आता ती सगळ्या डब्याला पाठ आहे. टोकियोचे प्राध्यापक उएनो, त्यांना आणायला शिबुया स्टेशनवर जाणारा अकिता जातीचा कुत्रा, १९२५ च्या मे महिन्यात प्राध्यापक कामावर असतानाच वारले तरी मार्च १९३५ पर्यंत, म्हणजे स्वतः मरेपर्यंत, स्टेशनवर येत राहिलेला. गोष्ट सांगताना कल्याणच्या आसपास बाबांचा गळा दाटतो. ग्रुपमधल्या एकानं एकदा विचारलं, "बाबा, या गोष्टीत घरी न पोचणारा माणूस तुम्ही आहात, हे ध्यानात आलंय का?" दुसरा त्याहून खवट. त्यानं कुठून तरी वाचून आणलं की हाचिको मेल्यावर तपासणीत त्याच्या पोटात यकितोरीच्या काड्या निघाल्या होत्या. "स्टेशनबाहेर रोज भाजलेली कोंबडी मिळत असती, तर दहा वर्षं मीही थांबलो असतो." बाबा त्या दिवशी विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर दोन्ही स्टेशनं गप्प होते.

घरी कुत्री दोन. ब्रूनो लॅब्रॅडॉर, पैसे मोजून आणलेला. चिंगी स्टेशनच्या पुलाखाली पावसात कुडकुडत होती, तिला बाबांनी शर्टात घालून आणली. अशा कुत्र्यांना पूर्वी गावठी म्हणत, आता इंडी म्हणतात. चिंगीच्या वागण्यात त्यामुळे काही फरक पडलेला नाही.

रात्री सव्वानऊच्या सुमारास आधी चिंगी उठते. शेअर रिक्षा अजून कोपऱ्यावर वळलेलीही नसते. बाबा नाक्यावर उतरतात, तिथल्या भटक्यांना पार्ले-जीचा पुडा फोडतात, आणि त्यांच्या बंदोबस्तात फाटकापर्यंत येतात. वर आजी, म्हणजे बाबांच्या आई, मालिकेवरची नजर न काढता म्हणतात, "आला बघ तुझा बाप." तोवर दोन नाकं दाराच्या फटीला लागलेली असतात.

दार उघडतं, आणि मग जे होतं ते आमच्या मजल्यावर सगळ्यांना ऐकून ठाऊक आहे. चिंगी जागच्या जागी गोल फिरते, शिंकते, पुन्हा फिरते. ब्रूनोला तोंडात काहीतरी धरल्याशिवाय स्वागत करताच येत नाही. मारलेलं पाखरू न चावता शिकाऱ्याच्या हातात आणून द्यावं, यासाठी त्याच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या तयार केलेलं. बदलापुरात पाखरू नाही, म्हणून तो मोजा आणतो. बहुतेक वेळा तोच मोजा, ज्याच्या शोधात बाबांची सकाळची गाडी चुकलेली असते. बाबा तो सत्काराच्या नारळासारखा दोन्ही हातांनी स्वीकारतात.

मग वास घेण्याचा कार्यक्रम. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात काही जातींत ३० कोटींपर्यंत. त्या सगळ्या कामाला लागतात. ब्रूनोचा पंचनामा बुटांपासून सुरू होऊन वर सरकतो. कुणाच्या तरी पिशवीतली सुकट, खांद्यावर डुलकी काढणाऱ्याचं खोबरेल, शेजाऱ्यानं कुर्ल्याला खाल्लेल्या वड्याची चटणी, नाक्यावरच्या भटक्यांनी पँटीला पुसलेली तोंडं. आज बाबांचं काय काय झालं याची इतकी बारीक चौकशी दुसरं कुणीही करत नाही. साहेबासमोर "हो सर" याच्यापुढे न जाणारा हा माणूस त्या वेळी काय बोलतो म्हणता! "कोण आलं? कोण आलं? बाबा आले ना? अरे हो हो हो, कळलं, कळलं. नाही जाणार आता, कुठ्ठे नाही जाणार." उद्या सकाळी पावणेसातला जायचंय, हे दोघांनाही ठाऊक असतं. म्हणजे बाबांना आणि त्यांच्या आईंना. कुत्र्यांना नसतं, आणि सगळी मजा तिथेच आहे.

सोहळा चार-पाच मिनिटांचा. मग ब्रूनो पंख्याखाली पसरतो, आतून आवाज येतो, "अहो, दूध आणलंत?" आणि बाबा पुन्हा खांदा होतात. दूध राहिलेलं असतं. कलेजी आणलेली असते.

आता जरा स्पष्ट बोलतो. ही कुत्री सांभाळतं कोण? बाबा नव्हेत. वहिनी घरून काम करतात, त्यामुळे सकाळचा फेरा त्यांचा, डॉक्टरकडे रेबीजच्या इंजेक्शनला नेणं त्यांचं, सोफ्यावरचे केस त्यांचे, मीटिंग चालू असताना कुरिअरवाल्यावर भुंकणाऱ्या दोघांना म्यूट करणंही त्यांचंच. आणि आजी! "कुत्रं घरात आणलंस तर मी आळंदीला जाऊन राहीन," असं त्यांनी बजावलं होतं. आज त्या दोघांसाठी बिनमिठाचा भात वेगळ्या पातेल्यात लावतात. कुत्र्यांना कांदा चालत नाही, द्राक्षं-बेदाणे चालत नाहीत, हे कळल्यापासून त्या घरात सत्यनारायणाच्या शिऱ्यातूनसुद्धा बेदाणे गेले. गुरुवारी मात्र कलेजी नाही, दूधभात. "दत्तगुरूंच्या पायाशी चार बसतात, त्यांनी कधी मागितली?" असं म्हणून आजी वाद मिटवतात. श्रावणात अख्खं घर शाकाहारी होतं, तेव्हा ब्रूनोसाठी बाल्कनीत इंडक्शनची वेगळी शेगडी लागते. तो वास आमच्या घरात येतो. श्रावण आम्हीही पाळतो, आणि आमची परीक्षा जास्त कडक असते.

तर वहिनींचं दुःख असं की करायचं त्यांनी आणि लाळ बाबांच्या शर्टावर. त्या कोथिंबीर आणायला खाली जाऊन येतात तेव्हा चिंगी एक कान हलवते, ब्रूनो तेवढंही करत नाही. बाबा याला प्रेमातला फरक म्हणतात आणि वर पुरावा देतात. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या ताकेफुमी किकुसुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलं, की काही तासांनी परत आलेल्या मालकाला पाहून कुत्र्याच्या डोळ्यांतलं पाणी वाढतं. ओळखीच्या दुसऱ्या माणसाला पाहून वाढत नाही. हे वाचल्यापासून काही दिवस बाबा दारातच उकिडवे बसून मोबाइलच्या उजेडात ब्रूनोचे डोळे तपासत होते. वहिनी म्हणाल्या, "माझेही बघा एकदा."

पण वहिनीही वाचणाऱ्या आहेत. त्यांनी स्वीडनचं संशोधन काढलं. थेरेसे रेन आणि लिंडा कीलिंग या दोघींनी २०११ मध्ये कुत्र्यांना कधी अर्धा तास, कधी दोन, कधी चार तास एकटं ठेवून पाहिलं. अर्ध्या तासानंतरच्या स्वागतापेक्षा दोन तासांनंतरचं स्वागत जोरदार होतं. मात्र दोन आणि चार तासांत फरक आढळला नाही. "म्हणजे," वहिनी म्हणाल्या, "तुमचे चौदा तास काही उपयोगाचे नाहीत. मी दोन तास मैत्रिणीकडे बसून आले, की झालं."

बाबांनी या संशोधनातून जे घेतलं ते कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्यांचा खरा प्रश्न रविवारचा होता. रविवारी मेगाब्लॉक, बाबा घरी, आणि घरात असलेल्या बाबांचं कुत्र्यांना काहीच वाटत नाही. पूर्वी ते अस्वस्थ होऊन उगाच खाली जायचे, वॉचमनशी दोन शब्द बोलून वर यायचे, दार वाजवायचे. ब्रूनो एक डोळा उघडून मिटायचा. दोन तासांचा आकडा हाती आल्यापासून बाबा शास्त्रशुद्ध झाले. आता रविवारी ते केस कापायला जातात, तिथून भाजीबाजार, तिथून नदीकाठी. उल्हास नदीकडे बघत उरलेली वीस मिनिटं काढतात आणि घड्याळ पाहून परत येतात. दर रविवारी केस कापून आता कापण्यासारखं फारसं राहिलेलं नाही.

सगळ्यात वाईट दिवस मार्च २०२० नंतरचे. लोकल बंद, बाबा घरी. पहिला आठवडा तिघांचा हनिमून झाला. तिसऱ्या आठवड्यात ब्रूनो त्यांना पाहून दुसऱ्या खोलीत जायला लागला, कारण 'शेक हँड' तरी दिवसातून किती वेळा करायचा? १ फेब्रुवारी २०२१ ला लोकल ठरावीक वेळांसाठी सर्वांना खुली झाली, तेव्हा पास काढायच्या रांगेत इतका आनंदी दिसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढे कंपनीनं आठवड्यातून तीन दिवस घरून काम करायची सोय दिली. बाबांनी नम्रपणे नाकारली. घरी इंटरनेट नीट चालत नाही, असं कारण दिलं. वहिनींचं ऑफिस त्याच इंटरनेटवर चालतं.

एकदा वहिनी माहेरी सांगलीला चार दिवस जाऊन आल्या. त्या रात्री जिन्यात जो गोंधळ झाला तसा बाबांच्या वाट्याला कधी आला नव्हता. चिंगी रडली. ब्रूनोनं दोन मोजे आणले. बाबा बॅगा धरून कोपऱ्यात उभे होते, आणि नंतर माझ्या दारात येऊन म्हणाले, "चार दिवसांनी कुणीही आलं तरी करतात हो असं." मी काही बोललो नाही. खरी मालकी कोणाची, हे कुत्र्यांना पहिल्यापासून माहीत आहे; रोज रात्री ती बाबांना देतात ती बक्षिसी. आणि चौदा तास बाहेर काढून आलेल्या माणसाला ती मिळायलाच हवी, असं माझं शेजारी म्हणून मत आहे.

सोसायटीत अर्थात दुमत आहे. वार्षिक सभेत दर वर्षी लिफ्टचा विषय निघतो, आणि दर वर्षी बाबा प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत बॅगेतून काढतात. सोसायटीला कुत्री पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. सेक्रेटरी ती प्रत हातात घेऊन न वाचता परत करतात, आणि चहा येतो. रात्रीच्या भुंकण्याची तक्रार मात्र आता कुणी करत नाही, कारण सगळ्यांची घड्याळं त्यावर बसली आहेत. तो गोंधळ झाला की दुसऱ्या मजल्यावरचे काका रक्तदाबाची गोळी घेतात, आमच्याकडे पानं वाढली जातात. साडेनऊ होऊनही सामसूम असेल तर गाडी रखडली असं समजून लोक आपापल्या घरच्या माणसांना फोन लावायला लागतात.

तेव्हा रात्रीच्या बदलापूर गाडीत, अंबरनाथ सुटल्याबरोबर काळ्या पँटीवर पांढरे केस असलेला कुणी माणूस "उतरायचंय, उतरायचंय" करत दाराकडे सरकू लागला, तर त्याच्यावर डाफरू नका. जरा अंग चोरून वाट द्या. त्याला उशीर झाला की आमच्या मजल्यावरची जेवणं खोळंबतात.