हौस लिलावाची

लिलावात स्वस्तात दुर्मीळ वस्तू गाठायची हौस असेल, तर पितळी समया आणि जुनी घड्याळं सोडा. आमच्याकडचे रसिक कारखाने जमवतात.

कोरेगाव तालुक्यातला जरंडेश्वर सहकारी साखर कारखाना राज्य सहकारी बँकेने थकबाकीपोटी २०१० मध्ये लिलावात काढला. जमीन, इमारती, यंत्रं मिळून ६५ कोटी ७५ लाख. किंमत मुद्दाम कमी धरली, हा ईडीचा आरोप. २०२१ मध्ये तिनेच मालमत्तेवर टाच आणली, तीही खरेदीच्याच किमतीने मांडून! अकरा वर्षांत सोनं कुठल्या कुठे गेलं; कारखाना मात्र जागचा हलला नाही. (ऊस घालणारे सभासद त्याला आपला समजत, पण भावनेला बयाणा रक्कम भरता येत नाही.)

सांगलीकरांना तर बोलीही लावावी लागली नाही. वसंतदादा शेतकरी सहकारी बँक अवसायनात गेली आणि ठेवीदारांच्या हाती संग्राह्य वस्तू आपोआप आली : ठेवपावती. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा १ लाख. वरच्या रकमेचा कागद जपायचा, अवसायकाच्या दारात दाखवायचा आणि पुन्हा घडी घालून कपाटात ठेवायचा.