किती डिग्रीला?

बॅटरी घेणारा माणूस वेगळा आणि बॅटरी बघणारा वेगळा. घेणारा दुकानात जातो, थोडी घासाघीस करतो, ऑटोत बॅटरी टाकून घरी येतो आणि रात्री लाइट गेली की पंखा लावून झोपतो. बघणारा बघतो. आमचे गुरुजी बघणाऱ्यांतले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाल्या झाल्या त्यांनी घरासाठी सोलरची बॅटरी बघायला घेतली, ते अजून बघायलेत.

असा एक तुमच्याही गल्लीत असणारच, तेव्हा वर्णनात वेळ घालवत नाही. खिशाला दोन पेन, काखेत दोनशे पानी वही, आणि 'या गुरुजी' म्हणताना दुकानदाराने आतल्या आत गिळलेला सुस्कारा. एवढ्यावरून ओळखा.

हिंगोलीतल्या एका दुकानात ते माझ्याबरोबर आले होते. बॅटरी मला घ्यायची होती, पण गुरुजींना 'येऊ नका' म्हणायची आपल्याकडे सोय नाही. दुकानदाराने दीडशे एएचची उभी ट्यूब्युलर पुढं केली, तिच्या डोक्यावर थाप मारली आणि म्हणाला, "पाच वर्षं बघायचं काम नाही."

"किती डिग्रीला?" गुरुजींनी विचारलं.

दुकानदार माझ्याकडं बघायला लागला.

"पाच वर्षं म्हणालात ना? किती डिग्रीला?"

"गुरुजी, वॉरंटी वर्षात असती. डिग्रीत नसती."

पुढचं तुम्हालाही ऐकावं लागेल, कारण मला ऐकावं लागलं. शिसं-ॲसिडच्या बॅटरीचं आयुष्य कंपन्या २५ नाहीतर २७ अंशांना मोजतात. तिथून वर दहा अंश चढले की ते साधारण निम्म्यावर येतं. मे महिन्यात हिंगोलीचा पारा ४२-४३ वर जातो, आणि आपण बॅटरी ठेवतो कुठं, तर जिन्याखाली किंवा पत्र्याच्या खोलीत. "म्हणजे तुमची पाच वर्षं लॅबमधली. आमच्या जिन्याखाली ती अडीच भरतील. मग पैसेबी अडीच वर्षांचेच घ्या." हिवाळा गुरुजी या हिशोबात धरत नाहीत. धरला तर हिशोबातली मजा जाते.

दुकानदाराने वॉरंटी कार्ड काढलं. त्यावर ३६ अधिक २४ महिने. गुरुजी त्यावर बोट ठेवून म्हणाले, पहिले ३६ महिने बॅटरी बदलून मिळेल, पुढचे २४ महिने नव्या बॅटरीच्या किमतीत नुसती सूट मिळेल. म्हणजे वॉरंटी तीन वर्षांची आणि वर दोन वर्षं पुढच्या खरेदीचं आमंत्रण. शिवाय कंपनी तरी टिकली पाहिजे. सु-कामसारखं घराघरात गेलेलं इन्व्हर्टरचं नाव, २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकलं. तेव्हापासून गुरुजींच्या वहीत प्रत्येक ब्रँडपुढं दोन रकाने आहेत: 'बॅटरी टिकेल का' आणि 'कंपनी टिकेल का'.

सी-१० आणि सी-२० हा भेदही त्यांनीच माझ्या डोक्यात घातला. तीच बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मोठा आकडा भरते, दहा तासांत उपसली तर लहान. पंगतीत एका बैठकीला पंधरा जिलब्या खाणारा आणि मांडवात सकाळपासून येता-जाता वीस संपवणारा, दोघांना एका मापानं कसं मोजायचं, हा गुरुजींचा सवाल. सोलरची बॅटरी सी-१० वर मोजलेली असते, साध्या इन्व्हर्टरची सी-२० वर, आणि दोन्हींच्या अंगावर ठळक अक्षरांत १५०. त्या दीडशेला १२ व्होल्टनं गुणलं की १८०० वॉट-तास, म्हणजे १.८ युनिट. त्यातलं निम्मंच वापरावं, नाहीतर बॅटरी लवकर बसते. हातात राहिलं एक युनिटही नाही. "एवढंसं साठवायला एवढाले पैसे मोजायचे, तर बघून घ्यायला नको?" यावर दुकानदाराने चहा मागवला. बॅटरीचा विषय चहानं मिटत असता तर गुरुजींचा केव्हाच मिटला असता.

वजनाचं प्रकरण मोंढ्यात अजून सांगतात. बॅटरीत शिसं किती हे वजनावरून कळतं, म्हणून गुरुजींनी माझी बॅटरी बिल व्हायच्या आधी ऑटोत घालून हळदीच्या मार्केट यार्डात नेली. ओळखीच्या आडत्याचा काटा होता. हमालानं हळदीचं पोतं उतरवून बॅटरी चढवली. आडत्या मान खाली घालून पट्टी लिहीत होता, सवयीनं म्हणाला, "कांडी का गट्टू?" बॅटरी पन्नासच्या वर भरली. गुरुजींनी आकडा वहीत उतरवला, काट्याकडं जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "हा काटा पास केला तेव्हा किती डिग्री होती?"

पुढं हा प्रश्न बॅटरीपुरता राहिला नाही. गल्लीत एका मुलीला स्थळ आलं. मुलगा पुण्यात, पंचवीस लाखांचं पॅकेज. बैठकीत गुरुजी होतेच. "किती डिग्रीला?" मुलाचा बाप अभिमानानं म्हणाला, "दोन. बी.ई. आन् एम.बी.ए." गुरुजींनी तेही लिहून घेतलं. डॉक्टर म्हणाले, शुगर वाढलीय, रोज पाच किलोमीटर चाला. "किती डिग्रीला?" डॉक्टर इथलेच, ते म्हणाले, "पहाटे पाचच्या." आणि निवडणुकीत एक उमेदवार ओट्यावर येऊन शेतकऱ्याला दिवसा अखंड वीज देणार म्हणाला, तेव्हा गुरुजींनी मागून विचारलं. उमेदवाराला नीट ऐकू आलं नसावं. त्यानं मूठ वर केली आणि ओरडला, "जास्तीत जास्त डिग्रीला!" टाळ्या पडल्या.

सोलर पॅनलनं तर त्यांना आयुष्यभराचा मसाला दिलाय. पॅनलवर लिहिलेले वॉट ठरतात ते चौरस मीटरला १००० वॉट ऊन आणि पॅनलमधल्या सेलचं तापमान २५ अंश असताना. "भर उन्हात ठेवलंय आणि आतून २५ डिग्री! असं ऊन हिंगोलीत कवा पडलंय?" मे महिन्यात गच्चीवर पॅनलचा सेल ६५ च्या आसपास तापतो आणि अंशागणिक वीज थोडी थोडी गळते. गुरुजी म्हणतात, ज्या उन्हासाठी पॅनल घ्यायचं त्याच उन्हात ते कमी चालतं, आणि हे कागदावर सगळ्यात बारीक टायपात छापलेलं असतं. मला कधी कधी वाटतं, पॅनलचं जाऊ द्या, आपल्या वाट्याच्या बहुतेक योजनांचे आकडे अशाच पंचवीस डिग्रीच्या खोलीत बसून काढलेले असतात. पण हे मी गुरुजींसमोर बोलत नाही. ते वही उघडतील.

त्यांच्या प्रश्नाला मान मिळाला तो एकदाच. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगोची गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा होणार, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले, हे जिल्ह्यात पोराटोराला ठाऊक आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या दहाहजाराव्या भागाहून कमी फरक पडला तरी तो टिपायचा. त्यावर एका कॉलेजात व्याख्यान झालं. शेवटी 'कुणाला काही शंका?' झालं आणि आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. गुरुजी उठले. "हे मोजमाप किती डिग्रीला?" व्याख्यात्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, काका, लाखातला प्रश्न. आरशांच्या उष्णतेनं होणारी थरथर हीच आमची मोठी डोकेदुखी. मग दोघं बोलत उभे राहिले आणि आम्ही उपाशी. परत येताना जीपमध्ये गुरुजी एक शब्द बोलले नाहीत. इतके सुखी मी त्यांना पेन्शनच्या दिवशीही बघितलं नाही.

आता त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहिणं भाग आहे. फार खुशीनं लिहीत नाही.

शेजाऱ्यानं सूर्यघर योजनेत गच्चीवर तीन किलोवॉट बसवले. ७८ हजारांचं अनुदान आलं, बिल जवळजवळ शून्यावर आलं, पेढे वाटले. मग एप्रिलमध्ये भर दुपारी लाइट गेली आणि डोक्यावर एवढं ऊन असताना घरातला पंखा थांबला. शेजारी बसवणाऱ्याच्या नावानं बोटं मोडायला लागला. गुरुजींनी त्याला खाली बसवून सांगितलं की लाइन गेली की हा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, नाहीतर तुझ्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेला लाइनमन मरेल. लाइन गेल्यावरही चालवायचं तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि बॅटरीला अनुदान नाही. पैसे भरायच्या आधीही ते हेच सांगायला गेले होते. तेव्हा शेजाऱ्यानं त्यांना पाहून आतून कडी लावली होती.

गिरणीवाल्या मावशींना एकानं 'नवी' म्हणून दिलेली बॅटरी गुरुजींनी अंगावरचा कोड वाचून परत पाठवली. दीड-दोन वर्षं गोदामात पडून होती. अशी पडलेली बॅटरी आतल्या आत खराब होत जाते. बदलून मिळेपर्यंत ते रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचे. काही बोलायचे नाहीत. नुसती वही मांडीवर. चौथ्या दिवशी दुकानदारानं स्वतःच्या ऑटोनं नवी पोचवली.

गल्लीतल्या निम्म्या घरांत आज त्यांच्या वहीतून पास झालेल्या बॅटऱ्या आहेत. त्यांच्या जिन्याखाली मात्र कांदे. काकूंनी त्या जागेवर बराच काळ काही ठेवलं नव्हतं, बॅटरी येणार म्हणून. मग एका उन्हाळ्यात त्यांनी कांदे पसरले आणि विषय संपवला.

गुरुजींकडं मात्र कारण कायम तयार. बॅटरीवरचा जीएसटी उतरणार म्हणून थांबले, आणि २२ सप्टेंबर २०२५ ला तो खरोखर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्या दिवशी ते गल्लीतून नमस्कार घेत फिरले. मग म्हणाले, शिसं आता जुनं झालं, लिथियम बघू. लिथियमवर आधीपासूनच १८ टक्के होता, हे सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. वहीत लिथियमची कुंडलीही तयार होती: लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा शोधनिबंध १९९७ चा, टेक्सासमधला, शास्त्रज्ञ गुडइनफ यांच्याबरोबर पाधी आणि नंजुंडस्वामी ही आपली दोन माणसं. गुडइनफना २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. "माणसाला सत्त्याण्णवाव्या वर्षी नोबेल मिळतं, आन् तुम्ही मला सहासष्टाव्या वर्षी बॅटरीची घाई करायलेत!"

मागच्या महिन्यात ओट्यावर बसून ते एक माहितीपत्रक वाचत होते. सहा हजार सायकल. मी वाट बघत होतो, आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. पेन काढून भागाकार केला. रोज एक सायकल धरली तर साडेसोळा वर्षं.

"बॅटरी टिकंल," ते म्हणाले. "कंपनीबी टिकंल, बघितलंय मी. तिसरा रकाना कुठून भरू?"

मी काहीतरी हसण्यावारी न्यायला गेलो. ते म्हणाले, "अरे, मी असतो तर महिन्याला पाणी बघितलं असतं, दुकानदाराच्या पायरीवर बसलो असतो. पोरगा पुण्यात, पोरगी संभाजीनगरला. तुझ्या काकूनं या वयात कुणाच्या मागं लागायचं? म्हणून अशी बघायलोय की जिच्याकडं पुन्हा कुणाला बघावं लागू नये." मग आत तोंड करून त्यांनी हाक मारली, "ऐकलं का? ठरली. बिल आन् वॉरंटी कार्ड तुमच्या नावानं करतो!"

काकू पदराला हात पुसत दारात आल्या. "वावर तुमच्या नावावर, घर तुमच्या नावावर, स्कूटर पोराच्या नावावर. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या नावावर काही व्हायलंय, ते बॅटरी?"

गुरुजींनी चष्मा काढला.

"करा की," काकू म्हणाल्या, "पण त्या आधी वावरातलं एक एकर करा. त्याला डिग्रीबिग्री लागत नाही. आन् कांदे तिथंच राहू द्या तवर."

बॅटरीचं सध्या थांबलंय. गुरुजींनी नवी वही आणलीय आणि रोज सकाळी ते तलाठी ऑफिसच्या पायरीवर बसायलेत.