मचाणावरून स्टुलावर

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरच्या शेवटी नऊ दिवसांचं एक नवरात्र असतं. पाच लाखांहून जास्त माणसं परवाना काढून, बंदूक घेऊन हरणांच्या मागे जंगलात शिरतात. अंगात भडक नारिंगी जाकीट हवंच, कायदाच आहे तसा. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतं. हरणाला नारिंगी रंग धड ओळखू येत नाही. तो दिसायला हवा असतो शेजारच्या शिकाऱ्याला. सगळी खबरदारी माणसाला माणसापासून वाचवायची.

नऊ दिवस संपले की बंदूक कपाटात जाते आणि उपदेश बाहेर येतात. ‘आता सुस्तावू नका. हालचाल चालू ठेवा.’

चालू ठेवा? ती सुरू कधी झाली होती? बहुतेक शिकारी पहाटेच्या अंधारात मचाणावर चढतो आणि थर्मास जवळ घेऊन दिवस मावळेपर्यंत खांबासारखा बसतो. शिंकला तरी हरीण पसार. न हलणं हेच ज्याचं कसब, त्याला म्हणे सीझन संपल्यावर व्यायाम सुटण्याची चिंता!

यावर उतारा म्हणून फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी तो गोठलेल्या विनेबॅगो तळ्यावर जातो, स्टर्जन मासा मारायला. बर्फाला मोठं भोक पाडायचं, त्यावर खोपटं उभारायचं, आत अंधार करायचा आणि भाला घेऊन भोकात टक लावायची. बसूनच! मचाणावरून उतरला तो स्टुलावर टेकला. २०१० साली इथे एकाला तब्बल ९६ किलोचा मासा मिळाला. त्या एका माशाच्या भरवशावर बाकीचे वर्षानुवर्षं पाणी बघतायत.

पाय खरोखर हलतात ते शिंगं वेचताना. जानेवारी ते मार्च नर हरणांची शिंगं गळून पडतात. उंदीर-खारी ती कॅल्शियमसाठी कुरतडतात, म्हणून त्यांच्या आधी पोचायचं. एक शिंग सापडलं की लग्नाच्या मांडवात हरवलेल्या चपलेसारखा दुसऱ्याचा शोध. मान खाली घालून गडी कोसभर सहज चालतो. ‘चालायला जा’ म्हटलं असतं, तर गुडघा दुखला असता.

आपण हसू नये. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळेनासं झालं, तर रविवारी किती जणांचं गडप्रेम पायथ्याशीच धापा टाकेल? माणसाला निमित्त लागतं. त्यांचं शिंग, आपलं पिठलं. आपलं निमित्त सुरक्षितही आहे, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे सांबराचं गळालेलं शिंगसुद्धा इथे घरी आणता येत नाही.

तिकडेही सगळीकडे मोकळीक नाही. वायोमिंगच्या बऱ्याच भागात १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंगं वेचायला बंदी असते. हिवाळा सरेपर्यंत हरणाच्या अंगावरची चरबी संपत आलेली असते. शिंगवेच्यांनी उठवून पळवलं, की उरलंसुरलं त्राणही जातं.

थोडक्यात, थंडीत गप्प बसून राहायची खरी गरज हरणाला. आणि नऊ दिवस बसून आंबलेला माणूस नेमका तेव्हाच पाय मोकळे करायला निघतो.