भिंत सामायिक, सिगारेटही सामायिक

इंग्लंडात घर घेणाऱ्या मराठी माणसाला जुन्या घराचं भारी वेड. पुण्यातला वडिलोपार्जित वाडा ‘पडायला आलाय’ म्हणून बिल्डरच्या हवाली करणारा हाच गृहस्थ लेस्टरमध्ये किंवा ईस्ट हॅममध्ये १८९० च्या सुमाराचं, दोन्ही बाजूंनी शेजारी चिकटलेलं टेरेस्ड घर कर्ज काढून घेतो आणि गावाकडे व्हिडिओ कॉल लावून फायरप्लेस दाखवतो. फायरप्लेस कधीची बंद असते. तिच्यामागचं धुरांडं मात्र शेजाऱ्याच्या सेवेत रुजू आहे, हे पहिल्या थंडीत कळतं. खिडक्या बंद होतात, रात्री शेजारचे इंग्रज काका सिगारेट पेटवतात आणि ती आपल्या निजायच्या खोलीत ओढली जाते.

पूर्वी काका पबमध्ये ओढत. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली. पब स्वच्छ झाले, काका घरी आले. म्हणजे पर्यायाने आपल्याकडेच आले. कर्जाच्या हप्त्यात तेवढा वाटा देत नाहीत.

मग लढा सुरू होतो. आधी लव्हेंडरचा स्प्रे, त्यावर धूप, त्यावर कापूर. आता घरात देवळात बसून कुणी चोरून बिडी ओढावी तसा वास येतो. पुढे हवा शुद्ध करणारं महागडं यंत्र. त्यातला हेपा फिल्टर धुराचे कण अडवतो. पण वास वायूंचा, त्याला सक्रिय कोळशाचा चांगला जाड थर लागतो, आणि स्वस्त यंत्रांत तो नैवेद्यापुरता असतो.

शेवटी कौन्सिलकडे तक्रार. या देशाला धुराचा अनुभव दांडगा: डिसेंबर १९५२ मध्ये लंडन धुरात गुदमरलं आणि १९५६ मध्ये संसदेने कायदा करून चिमण्यांना वेसण घातली. पण १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातलं वासाच्या उपद्रवाचं कलम उद्योगधंद्यांच्या जागांसाठी आहे; राहत्या घरातल्या वासाला ते लागत नाही. यावर संतापण्याआधी एक ध्यानात घ्या. याच सवलतीवर आपलं सुकट आणि रविवारचे बोंबील जगून आहेत. काकांनी त्यांचा वास आजवर निमूटपणे घेतला आहे.

तर दोष काकांचा कमी, भिंतीचा जास्त. आणि भिंत अर्धी आपली. ही घरं बांधणाऱ्यांनी दोन बिऱ्हाडांमध्ये बहुधा जेमतेम नऊ इंचांची भिंत घातली. गिलावा केला तो दिसेल तेवढ्याच भागाला. खालचं छत आणि वरच्या फळ्या यांच्यामधल्या पोकळीत विटा उघड्याच राहिल्या. वासे अनेकदा दोन्ही बाजूंनी त्याच भिंतीत खोचले. शतकभरात लाकूड आकसलं, चुना झडला आणि वाशांभोवती फटी पडल्या. धुरांडी पाठीला पाठ लावून, आणि त्यांच्यामधली अर्ध्या विटेची पडदी काजळीतल्या आम्लाने खाल्लेली. काही ओळींत तर माळ्यावर मधली भिंतच नाही. या घरातून चढावं, त्या घरात उतरावं.

त्यात आपण हीटिंग लावतो. उबदार हवा वर चढून माळ्यातून निसटते आणि तिची जागा भरायला फटींतून हवा आत ओढली जाते. वास आला म्हणून चिडून आपण स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावतो. तो आपली हवा बाहेर फेकतो आणि काकांची आत खेचतो. राग वाढेल तसा धूर वाढतो, याला दुसरं कारण नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच कुणी करत नाही. खिडक्या बंद करून एक्झॉस्ट फॅन चालू ठेवावा आणि पेटती उदबत्ती स्कर्टिंगच्या कडेने, सॉकेटपाशी, फायरप्लेसच्या कोपऱ्यांत फिरवावी. धूर जिथे थरथरला तिथे भोक. ओवाळण्याचा पिढीजात सराव इथे कामी येतो. मग फळ्या उचलायच्या, सांध्यांत चुना भरायचा, उघड्या विटांना चुन्याचा गिलावा करायचा, कडांना लवचिक सीलंट. फुगणाऱ्या फोमचा डबा दुकानातच राहू द्या. वाशाच्या टोकाशी ओल कोंडली की लाकूड कुजतं. उत्साहाच्या भरात बाहेरच्या भिंतीतल्या जाळीच्या विटाही बुजवू नका, जमिनीखालचं लाकूड त्यांच्याच हवेवर कोरडं राहतं. फायरप्लेस बुजवाल तर तिथेही वारा खेळायला लहानशी जाळी ठेवा. फटी बुजवायला कुणाची परवानगी लागत नाही. पण सामायिक भिंत कापायची तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे काकांना आधी लेखी नोटीस, म्हणजे ज्यांच्याशी बोलणं टाकलं त्यांच्याशीच पत्रव्यवहार. त्यापेक्षा आधीच चहाला बोलवा. माळ्यावर भिंत घालायची वेळ आली तर खर्चात वाटा मागता येईल.

आता थट्टा बाजूला ठेवून एक सांगतो. येणारा वास सिगारेटचा नसून लाकडाच्या किंवा कोळशाच्या शेगडीचा असेल, तर धुरांड्यांमधली पडदी फुटलेली असू शकते आणि त्या वाटेने कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो. त्याला वास नसतो आणि कापूर त्याचं काही वाकडं करत नाही. सीलंट नंतर आणा. आज कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणून लावा, आणि तो वाजलाच तर बाहेर पडताना काकांचंही दार ठोठावा.