कमी गुणांचा माणूस

तो कॉलेजचा विद्यार्थी नसतो. शिक्षक नसतो, कोच तर नसतोच. तरी सकाळी साडेपाचला ग्राउंडवर सगळ्यांच्या आधी हजर असतो. गळ्यात शिट्टी, हातात चिमट्याचं पॅड, आणि अंगात कुठल्यातरी जुन्या मॅरेथॉनचा टी-शर्ट, ज्यावरचं प्रायोजकाचं नाव धुऊन धुऊन अर्धंच उरलंय. तुमच्याही कॉलेजात होता तो. नाटकवाल्यांकडे असला तर पुरुषोत्तमच्या तालमींना चहा सांगायचा, क्रिकेटवाल्यांकडे असला तर स्कोअर लिहायचा. आमच्याकडे तो क्रॉसकंट्रीच्या पोरांच्या वाट्याला आलाय आणि जिमखाना समितीवर असल्यामुळे माझ्याही. सगळे त्याला दादा म्हणतात. पूर्ण नाव जिमखान्याच्या शिपायालाही सांगता येत नाही. एका पतसंस्थेत नोकरीला आहे, म्हणजे दिवसभर बेरजा करतो. आणि ज्या उरतात त्या आमच्या पोरांवर करतो.

क्रॉसकंट्रीतला हिशेब उलटा असतो, आणि दादाच्या डोक्यात सगळ्या जगाचाच हिशेब तसा चालतो. संघातले सहा जण पळतात. जो ज्या क्रमांकावर येईल तेवढे त्याचे गुण. पहिल्या चौघांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकला. एक, दोन, तीन, चार असे चौघंही तुमचेच आले तर बेरीज दहा. याच्या खाली ब्रह्मदेवालाही जाता येत नाही. २०१७च्या जागतिक क्रॉसकंट्रीत कंपालाला केनियाच्या बायकांनी पहिले सहाही क्रमांक घेतले आणि बेरीज दहा केली. तेव्हापासून दादाला कुठेही दहा दिसले की तो ओरडतो, "कंपाला!"

रिक्षाच्या नंबरातल्या आकड्यांची बेरीज दहा आली, कंपाला. चहाच्या बिलात दहा आले, कंपाला. प्राचार्यांच्या भाषणात 'विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास' हे शब्द दहाव्यांदा आले तेव्हा सभागृहाच्या मागच्या रांगेतून तीच आरोळी आली आणि प्राचार्य घोटभर पाणी प्यायला थांबले. पोरांनी हा शब्द शिवी, नमस्कार आणि शाबासकी अशा तिन्ही अर्थांनी उचललाय. नव्या मुलांना वाटतं, हा टेकडीवरचा कुठला तरी ग्रामदेव असावा.

खरा उच्छाद सुरू होतो तो जूनमध्ये. स्पर्धा पावसाळ्यानंतरच्या, तोवर पोरांनी नुसता दम वाढवायचा असतो. दादाचं म्हणणं, दम वाढवायला कोच आहेत. संघ बांधायला कोण आहे? मग तो बांधतो. मुलंमुली मिळून बारा जणांचे दोन गट, राजगड आणि तोरणा, आणि दर रविवारी एक शर्यत. शर्यत पळण्याचीच असली पाहिजे असं नाही. तंबू उभारण्याची झाली, भाकरी थापण्याची झाली, ओले बूट वर्तमानपत्र कोंबून वाळवण्याची झाली. गुण मात्र प्रत्येक वेळी क्रॉसकंट्रीचेच.

मिसळीची शर्यत घ्या. बारा ताटल्या, एकच रस्सा, शिट्टी वाजली की सुरुवात. राजगडचे पहिला, चौथा आणि पाचवा आले. तोरण्याचे दुसरा, तिसरा, सहावा, सातवा. राजगडच्या चौथ्या गड्याचे दोन घास उरले होते. त्याच्या समोर तोरण्याची पाचवी बसलेली, साताऱ्याकडची असूनही तिखट न सोसणारी एक मुलगी. नाकाडोळ्यातून पाणी वाहतंय, कान लाल, पण तिनं तळाचा रस्सा पावानं पुसून ताटली उलटी केली आणि आठवी आली. राजगडचा भिडू नववा. राजगड एकोणीस, तोरणा अठरा. ती एका घासानं मागे राहिली असती तर बरोबरी होती. तिचा स्वतःचा आकडा बेरजेत धरलाच नव्हता; तिनं फक्त समोरच्याला एक पायरी खाली ढकललं. जिंकलेल्या चौघांनी गोंधळ घातला, फोटो काढले. दादा तेवढ्यात शेजारच्या दुकानातून तिच्यासाठी ताक घेऊन आला, स्वतःच्या पैशानं. आम्हाला वाटलं, तिखट लागलं म्हणून.

मग चुरमुऱ्यांचा प्रकार. क्रॉसकंट्रीचं मूळ इंग्लंडातल्या शाळांच्या एका खेळात आहे. दोन मुलं ससे होऊन पुढे पळायची आणि वाटेवर कागदाचे कपटे टाकत जायची. बाकीची शिकारी कुत्री होऊन माग काढायची. दादानं हे कुठे तरी वाचलं आणि वेताळ टेकडीवर करायचं ठरवलं. पण वेताळ टेकडीवर कागद टाकणं म्हणजे काय, हे पुणेकराला सांगायला नको. तिथे फिरायला येणारे निवृत्त लोक टेकडी वाचवायला महापालिकेशी भांडतात. बारा पोरं आणि एका शिट्टीवाल्याचा त्यांनी न्याहारीआधीच निकाल लावला असता. म्हणून कागदाऐवजी चुरमुरे. जुलैमध्ये.

दोन ससे पिशव्या घेऊन गेले. पाच मिनिटांनी शिट्टी झाली. पहिल्या वळणापर्यंतचे चुरमुरे पावसानं विरघळले होते. पुढचे मोरांनी खाल्ले. त्याच्या पुढचे मारुतीच्या नैवेद्यातले समजून एका आजोबांनी भक्तिभावानं वेचून कडेला दगडावर ठेवले होते, त्यामुळे सगळी कुत्री तीनदा त्याच दगडाशी येऊन पोचली. ससे दोन तासांनी खाणीपाशी सापडले, उरलेले चुरमुरे खात बसलेले. दादानं पॅडवर दोन्ही गटांसमोर 'अपूर्ण' लिहिलं आणि भिजलेल्या पोरांना उभं करून १९२४चं पॅरिस सांगितलं. ऑलिंपिकची क्रॉसकंट्री, भयंकर ऊन, अडतीस जण निघाले आणि पंधरा पोचले. पावो नुर्मी जिंकला, पण वाटेत कोसळलेले लोक बघून ऑलिंपिकवाल्यांनी हा खेळच काढून टाकला, तो आजतागायत. "ते उन्हानं गेले," दादा म्हणाला, "तुम्ही चुरमुऱ्यांनी गेलात."

दिवे घाटाची गोष्ट त्याहून वाईट. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला निघते ती मजल मोठी, आणि वर घाटाची चढण. दादा पोरांना घेऊन वडकीला उभा. नियम असा की पळायचं नाही, कुणाला धक्का लावायचा नाही, वाट हवी तर 'माउली' म्हणून मागायची. घाटमाथ्यावर जो ज्या क्रमांकानं पोचेल ते त्याचे गुण. त्या दिवशी तोरण्याची पोरं इतकी सुटली होती की पहिले चारही त्यांचेच येणार हे अर्ध्या घाटातच दिसत होतं. दादा माथ्यावर पॅड घेऊन पुटपुटत होता, एक, दोन, तीन, चार. त्याच्या आयुष्यातलं पहिलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं कंपाला.

शेवटच्या वळणावर डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक सत्तरीची आजी चौघांच्याही शेजारून, कुणाकडे न बघता, पुढे निघून गेली. दादानं तिला शांतपणे पहिला क्रमांक दिला. दहाचे चौदा झाले. पोरं खवळली. तिला चेस्ट नंबर कुठे आहे, ती कुठल्या कॉलेजची, असं सगळं झालं. दादा म्हणाला, "डोक्यावर ओझं घेऊन तुमच्या पुढे गेली, आणि तुम्हाला कागद हवाय?" आजपर्यंत त्या रविवारच्या तक्त्यात पहिल्या ओळीत 'माउली, सासवड' असं लिहिलेलं आहे. आजींचं गाव सासवड नसेलही. दादाला रकाना रिकामा ठेवता येत नाही.

गणपतीच्या सुमारास दादाचा सूर बदलतो. मग झोनल, इंटरझोनल आणि ऑल इंडिया हे तीन शब्द सोडून दुसरं काही ऐकू येत नाही. ऑल इंडिया खेळलेल्या पोराला ग्राउंडवर जी किंमत असते ती पीएच.डी. झालेल्या माणसाला कॉलेजात नसते, हे मी स्वतः अनुभवलंय. नाशिकचं नाव निघालं की दादाचा चेहरा पडतो. कविता राऊत त्या डोंगरातून आल्या आणि २०१०ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं ब्राँझ घेऊन गेल्या. तेव्हापासून दादाचं मत आहे की त्या जिल्ह्यात मुलांना शाळेच्या दाखल्याबरोबर फुप्फुसं जादा देतात. मग पोरांना धीर द्यायला तो अविनाश साबळेंना आणतो: बीडमधल्या आष्टी तालुक्याचा माणूस, सैन्यात गेल्यावर आधी क्रॉसकंट्रीच पळायचा, स्टीपलचेस मागाहून. लताबाईंनी आधी क्रॉसकंट्री केली असती तर आणखी बरं गायल्या असत्या, असंही तो एकदा म्हणाला. त्यावर मुलींनी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला.

याच सुमारास पोरं गुपचूप साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनचे फॉर्म भरतात. यवतेश्वरचा घाट, रोख बक्षीस. ज्याच्या घरी महिन्याचं दूध उधारीवर येतं त्याला रोख बक्षीस म्हणजे काय, हे दादाला कळतं. तरी तो ओरडतो, पाय जातील म्हणतो, आणि शेवटी स्वतःच एसटीच्या वेळा सांगतो. कॉलेजचं मात्र सोपं असतं. कॉलेज दोन केळी आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा देतं आणि पोरगं जिंकलं की माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर घेतं.

गेल्या मोसमात आमचा संघ एका गुणानं जिंकला. चारच दिवसांत गेटवर फ्लेक्स लागला. प्राचार्य मोठे, संस्थेचे अध्यक्ष त्याहून मोठे, खजिनदार कोपऱ्यात पण रंगीत, आणि खाली आमची चार पोरं, एका ओळीत, पासपोर्ट आकारात. दादा फ्लेक्ससमोर उभा राहिला, दोनदा मोजलं आणि थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये घुसला. मी मागोमाग गेलो, कारण समितीवर मीच होतो.

"सर, पाचवा कुठाय?"

पाचवा म्हणजे सकाळी पेपर टाकून ग्राउंडवर येणारा आमचा एक मुलगा. शेवटच्या उतारावर त्यानं समोरच्या कॉलेजच्या चौथ्याला गाठलं आणि मागे टाकलं. तो एक गुण तिथला होता.

"पण त्याचा नंबर मोजला नाही ना?" प्राचार्य म्हणाले. नियमानं ते बरोबरच होते.

"सर, कंपाला," दादा म्हणाला. यावेळी ओरडला नाही. "बायकांची शर्यत. केनियाच्या पहिल्या सहा. सहावी कोण होती माहितीये? फेथ किपयेगॉन. आदल्याच वर्षी रिओला १५०० मीटरचं सुवर्णपदक घेतलेली. तिचाही नंबर मोजला नाही. मग तिचा फोटो काढायचा नाही?"

प्राचार्यांनी विचारलं, हे कंपाला कुठे आलं. दादा उठून बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या फ्लेक्सच्या शेजारी दुसरा एक लागला. छोटा, थोडा तिरका. अध्यक्ष नाहीत, खजिनदार नाहीत, प्राचार्यही नाहीत. फक्त सहा पोरं, सारख्या आकारात. पैसे कुणी दिले ते पतसंस्थेत विचारावं.

पुढे कशासाठी तरी मी जिमखान्याची जुनी रजिस्टरं चाळत होतो. त्यातल्या एकात दादाचं पूर्ण नाव सापडलं. मीही ते इथे लिहीत नाही. त्यानं इतकी वर्षं सांगितलं नाही तर मी कोण सांगणार. तीन मोसम तो संघात होता. तिन्ही वर्षं संघातला पाचवा. क्रमांकाच्या रकान्यात शाईनं आकडा, बेरजेच्या रकान्यात आडवी रेघ. त्यातल्या एका वर्षी कॉलेज जिंकलं होतं. रजिस्टरला टाचणीनं लावलेला सत्काराचा फोटो आहे. त्यात चौघं हार घालून उभे आहेत. हार किती आणले होते कोण जाणे. मी रजिस्टर दादाला दाखवलं नाही. त्याला त्यातला प्रत्येक आकडा पाठ असणार, आणि वर त्यानं माझ्या शोधकार्याला गुण दिले असते.

या रविवारी पोरं आतकरवाडीहून सिंहगड चढणार आहेत आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरीची शर्यत आहे. राजगडचा एक भिडू तापानं पडलाय म्हणून दादानं मला त्या गटात घातलंय. माझा पोचण्याचा क्रमांक काढायला कॅलेंडर लागेल, असं पोरांनी मला ऐकू जाईल इतक्या हळू सांगितलं. कॉलेजनं यंदाच्या फ्लेक्सची ऑर्डर आधीच देऊन ठेवलीय. अध्यक्षांचा नवा फोटो आलाय, आणि खाली चार चौकटी मोकळ्या सोडल्यात. काल संध्याकाळी दादा मला अप्पा बळवंत चौकात दिसला. फ्लेक्सवाल्याशी चौरस फुटाच्या भावावरून वाद घालत होता.